केटलबेल स्विंगचं खरं काम खालच्या टोकाला होतं

‘२० मिनिटं केटलबेल, ४०० कॅलरी खल्लास!’ पुण्यातल्या जिमच्या जाहिरातींत आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा मजकूर सारखा दिसतो. केटलबेल म्हणजे वर मूठ असलेला लोखंडी गोळा. हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. २०१० मध्ये अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजच्या एका चाचणीत मिनिटाला सुमारे २० कॅलरी खर्च मोजला गेला होता. पण ती चाचणी ‘स्नॅच’ची होती, म्हणजे एका हाताने केटलबेल थेट डोक्यावर नेण्याची. ती देणारे दहा जणही या व्यायामात मुरलेले होते. कोथरूडपासून खराडीपर्यंत बहुतेक जण करतात तो दोन हातांचा स्विंग, म्हणजे केटलबेल दोन पायांमधून छातीपर्यंत झुलवणं, आणि त्याचा हिशेब वेगळा लागतो.

त्याच वर्षी दहा पुरुषांना १६ किलोची केटलबेल देऊन १२ मिनिटांत जमतील तेवढे स्विंग करायला लावलं गेलं. मिनिटाला सरासरी २२ स्विंग झाले आणि शरीराच्या दर किलोमागे मिनिटाला साधारण ३४ मिलीलिटर ऑक्सिजन लागला. ७० किलोच्या माणसासाठी हे झालं मिनिटाला जवळपास २.४ लिटर. एक लिटर ऑक्सिजन वापरला की सुमारे ५ कॅलरी खर्च होतात. म्हणजे मिनिटाला १२ आणि १२ मिनिटांच्या कसून मेहनतीनंतर १४५च्या आत. एका वडापावाइतक्याही नाहीत.

मला स्विंग अतिशय आवडतो, म्हणूनच त्याची ओळख कॅलरीच्या आकड्याने व्हावी हे पटत नाही. या व्यायामात जे घडतं ते कॅलरीपेक्षा कितीतरी रोचक आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. पाहणाऱ्याला वाटतं की केटलबेल हातांनी उचलली जाते. नवखे तसंच करतात: गुडघे वाकवून बसतात आणि खांद्यांच्या जोरावर वजन पुढे उचलतात. वास्तविक स्विंगमध्ये हातांचं काम दोरीचं आहे. वाकायचं असतं खुब्याच्या सांध्यात: पाठ सरळ ठेवून नितंब मागे ढकलायचे, गुडघे जरासेच सैल. मग नितंब झटक्याने पुढे आणून ताठ उभं राहायचं. केटलबेल छातीपर्यंत येते ती या झटक्यामुळे.

आता खालच्या टोकाकडे येऊ. बारावीच्या भौतिकशास्त्रात दोरीला बांधलेला दगड उभ्या वर्तुळात फिरतो, ते गणित आठवा. हात जमिनीला समांतर असताना केटलबेल क्षणभर थांबते आणि तिथून खाली येते. सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत तिने त्रिज्येइतकी उंची गमावलेली असते. स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा झाली, म्हणून वेगाचा वर्ग = २ × गुरुत्वत्वरण × त्रिज्या. वर्तुळात फिरत राहण्यासाठी लागणारं अभिकेंद्री बल = वस्तुमान × वेगाचा वर्ग ÷ त्रिज्या. पहिली किंमत दुसऱ्यात घातली की त्रिज्या उडून जाते आणि वजनाच्या दुप्पट बल उरतं. त्यात मुळातलं वजन मिळवा. झालं तिप्पट!

त्रिज्या उडून जाते हे मला फार सुंदर वाटतं. उंच माणूस असो की बुटका, हात लांब असोत की आखूड, उत्तर तिप्पटच. १६ किलोची केटलबेल खालच्या टोकाला ४८ किलोंच्या ओढीने हात खेचते. प्रत्यक्षात खांदा स्थिर नसतो, तोही खाली-मागे जातो, शिवाय काही जण केटलबेल मुद्दाम जोराने खाली फेकतात. त्यामुळे आकडा थोडा बदलतो. पण हलकी केटलबेल इतकी दमवते कशी, याचं उत्तर याच गणितात आहे.

ही ओढ थोपवायची कुणी? मांडीचे मागचे स्नायू, नितंबाचे मोठे स्नायू आणि कण्याला उभं धरणारे पाठीचे स्नायू यांनी. केटलबेल मागे जाते तेव्हा मांडीचे मागचे स्नायू ताणाखाली असतानाच लांबत असतात. लांबणारा स्नायू आखडणाऱ्या स्नायूपेक्षा जास्त बल पेलतो, आणि त्यासाठी त्याला ऑक्सिजनही कमी लागतो. स्नायूतंतूत मायोसिन या प्रथिनाचे हुकांसारखे आकडे ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या तारांना अडकलेले असतात. बाहेरून ताण आला की ते ओढले जातात, सोबतीला टायटिन नावाचं प्रचंड लांब प्रथिन स्प्रिंगसारखं ताणलं जातं, आणि स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेतही ऊर्जा साठते. लगेच दिशा उलटली तर या ऊर्जेचा काही भाग परत मिळतो. खाली रेंगाळलात तर मायोसिनचे आकडे सुटतात आणि साठवण उष्णता होऊन वाया जाते. म्हणून स्विंगमध्ये खाली थांबायचं नसतं. झोक्याला ठरावीक क्षणीच रेटा द्यावा लागतो, तसाच नितंबांचा रेटा वेळेवर यावा लागतो.

आता शक्ती मोजू. १६ किलो एक मीटर वर न्यायला सुमारे १५७ ज्यूल लागतात. हे काम अर्ध्या सेकंदात झालं, तर तेवढ्यापुरती ३०० वॅटच्या आसपास शक्ती. सिंहगड चढणारा ६० किलोचा माणूस मिनिटाला १० मीटर उंची गाठत असेल, तर त्याची शक्ती भरते १०० वॅटच्या आत. तो ती तासभर टिकवतो, हा त्याचा मोठेपणा. पण वय वाढतं तशी ताकदीपेक्षा ही झटक्याची शक्ती लवकर घटते, आणि फुटपाथच्या उखडलेल्या फरशीला ठेच लागल्यावर सावरायला तीच लागते. २०१२ मधल्या एका अभ्यासात तरुण पुरुषांनी सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, बारा मिनिटं स्विंग केले. ३० सेकंद काम, ३० सेकंद विश्रांती. तुलनेसाठी दुसरा गट उड्या मारत स्क्वॉट, म्हणजे उठाबशा, करत होता. एकूण कमाल ताकद सुमारे १० टक्के आणि उडीची उंची जवळपास २० टक्के वाढली, आणि दोन गटांत फरक दिसला नाही.

पाठीचं काय? कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी १६ किलोच्या स्विंगमध्ये कमरेच्या मणक्यांवरचा दाब मोजला. तो सुमारे ३,२०० न्यूटन भरला. कामगारांसाठी अमेरिकेत सुचवलेली मर्यादा ३,४०० आहे. पण मणक्यांवरचं कातर बल, म्हणजे वरचा मणका खालच्यावर सरकवू पाहणारं बल, नेहमीच्या वजन उचलण्यात असतं त्याच्या उलट दिशेला आढळलं. काहींची पाठदुखी स्विंगने सुधारते आणि जड डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून ताठ उभं राहणं) सहज करणाऱ्या काहींना स्विंग सोसत नाही, याचं एक कारण हे असू शकतं. कोपनहेगनमध्ये मान-पाठ दुखणाऱ्या व्यवसायांतल्या ४० जणांवर, त्यात बहुतेक स्त्रिया, आठ आठवड्यांचा प्रयोग झाला. दुखणं कमी झालं, पाठीची ताकद वाढली. दमसास मात्र वाढला नाही. स्विंगमध्ये नाडी कमाल वेगाच्या ८७ टक्क्यांपर्यंत जाते, पण ऑक्सिजनचा वापर कमाल क्षमतेच्या ६५ टक्क्यांवरच राहतो. मूठ आवळलेली, पोट ताठ, आकसलेल्या स्नायूंत रक्त अडतं आणि हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. पुणे मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याने धावणं सोडू नये.

बायकांना अजून सांगितलं जातं की जड उचललं की बेंबी सरकते. बेंबी ही नाळ गळून पडल्याची खूण आहे. आत सरकण्याजोगा अवयव तिथे नाही, आणि ‘बसवण्यासाठी’ पोट चोळून घेण्याची गरजही नाही. उलट रजोनिवृत्तीनंतर हाडं ठिसूळ होतात तेव्हा वजनाचे व्यायाम फार मोलाचे असतात. पोटाची चरबी तेवढी स्विंगने वितळते, हेही खरं नाही. चरबी कुठून जायची ते व्यायाम ठरवत नाही.

पुण्याला हे काही परकं नाही. रशियात धान्य तोलायच्या वजनांपासून केटलबेल आली. तिथलं जुनं माप ‘पूड’ १६.३८ किलोंचं, म्हणून १६, २४, ३२ ही मापं. आपल्या पेठांतल्या तालमींत मुद्गल, त्याचाच एक प्रकार असलेला करेला आणि मूठ असलेला दगडी नाल होतेच. करेला खांद्यामागे फिरतो तेव्हाही वर्तुळाचं हेच गणित लागू पडतं.

शिकताना भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभं राहा आणि गुडघे फार न वाकवता नितंब भिंतीला टेकवा. हे जमल्यावरच केटलबेल हातात घ्या: स्त्रियांनी साधारण ८, पुरुषांनी १२ किलोंपासून. हर्निया, मणक्यांमधली सरकलेली चकती, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आकडा पुरा करण्याच्या नादात सेट ओढू नका. केटलबेल आपोआप छातीपर्यंत येईनाशी झाली आणि ती खांद्यांनी उचलावी लागली, की सेट तिथेच थांबवा. झटका संपलेला असतो आणि पुढचा भार नितंबांकडून कमरेवर जातो.