तेल निघालं तरी पेंग्विन लगेच पोहत नाही

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनहून भाड्याची गाडी काढून गार्डन रूट या किनारी रस्त्याकडे निघालेले पर्यटक हर्मेनसला देवमासे बघतात आणि पुढं सटकतात. तिथून पाऊणएक तासावर गान्सबाय हे मासेमारीचं गाव आहे. शार्क बघायला पिंजऱ्यातून पाण्यात उतरणारे हौशी लोक तिथं थांबतात. पण याच गावात २०१५ पासून जखमी आणि उपाशी समुद्रपक्ष्यांसाठी एक केंद्र चालतं. या वाटेवर एकच थांबा घ्यायचा असेल, तर माझं मत या केंद्राला.

इथले बहुतेक पाहुणे म्हणजे आफ्रिकन पेंग्विन. उंची जेमतेम दोन फूट, वजन तीन किलोच्या आसपास. मुंबईत राणीच्या बागेत आहेत ते हम्बोल्ट पेंग्विन दक्षिण अमेरिकेचे, यांचे चुलतभाऊ. केंद्रातलं जेवण बघताना पहिल्यांदा जरा दांडगाईच वाटते. कर्मचारी जाड हातमोजे चढवतो, पक्ष्याला मांड्यांमध्ये धरतो, चोच उघडतो आणि सार्डिन मासा डोक्याकडून घशात सरकवतो. शेपटीकडून दिला तर खवले आणि कल्ले घशात अडतात. पेंग्विन समुद्रात जिवंत माशाचा पाठलाग करून जेवतो, हातातला मेलेला मासा हे अन्न आहे हे त्याला सुरुवातीला कळतच नाही. शिवाय साठवलेल्या गोठवलेल्या माशातलं ब-१ जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून ते वेगळं द्यावं लागतं.

तेलानं माखलेला पक्षी आला, तर कोणालाही वाटेल की त्याला आधी धुवावं. पण आल्या आल्या धुतलं, तर अशक्त पक्षी दगावू शकतो. आधी त्याला ऊब, द्रव आणि अन्न देतात. चोचीनं पिसं साफ करताना पोटात गेलेलं तेल शोषायला औषधी कोळसा देतात. अंगात ताकद आली की मग कोमट पाणी आणि भांडी घासायचा द्रवसाबण. एक जण धरतो, दुसरा चोळतो, डोळ्यांभोवती टूथब्रश फिरतो.

खरी मेहनत त्यानंतर सुरू होते. पेंग्विनची आखूड पिसं कौलांसारखी एकावर एक बसलेली असतात आणि प्रत्येक पिसाचे बारीक तंतू एकमेकांत अडकलेले असतात. त्यामुळं पाणी आत शिरत नाही आणि त्वचेलगत हवेचा थर टिकतो. तेलामुळं हे तंतू चिकटून गुंता होतो, पाणी आत शिरतं आणि बेंग्वेला या इथल्या सागरी प्रवाहाच्या थंडगार पाण्यात पक्षी गारठून मरतो. गंमत अशी की अंगावर उरलेला साबणही हेच करतो. त्यामुळं धुण्याइतकंच खळबळणं महत्त्वाचं. शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल पिसं लवचीक ठेवतं, पण पाणी अडवण्याचं मुख्य काम पिसांची रचना करते. ती घडी पक्ष्यानं स्वतः चोचीनं बसवायची असते. म्हणून त्याला रोज टाकीत पोहायला सोडतात, बाहेर आल्यावर आतली पिसं कोरडी आहेत का ते तपासतात आणि ओली असली तर मुक्काम वाढवतात.

या कामाची सगळ्यात मोठी परीक्षा झाली जून २००० मध्ये, हे केंद्र सुरू होण्याआधी. केपटाऊनजवळच्या रॉबेन आणि डॅसन बेटांच्या मध्ये 'ट्रेझर' हे मालवाहू जहाज बुडालं. सुमारे १९,००० पेंग्विन तेलात सापडले आणि त्यांची धुलाई स्वयंसेवकांच्या फौजेनं केली. तेल न लागलेले आणखी सुमारे १९,५०० पक्षी पकडून ट्रकनं आठशे किलोमीटरवर पोर्ट एलिझाबेथला नेऊन सोडले. हेतू इतकाच, की ते पोहत घरी परतेपर्यंत त्या बेटांभोवतीचं पाणी साफ व्हावं. पीटर, पॅमेला आणि पर्सी या तिघांच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवलं होतं आणि त्यांचा परतीचा प्रवास जगभरच्या लोकांनी फॉलो केला. मला हा हिशेब फार आवडतो. पक्ष्यांची घरी परतायची ओढच इथं उपचार म्हणून वापरली गेली.

आज मात्र केंद्रात येणारे कित्येक पक्षी तेलानं नाही, उपासमारीनं खंगलेले असतात. पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसं एकदम टाकतो. नवी येईपर्यंत साधारण तीन आठवडे त्याला पाण्यात उतरता येत नाही, म्हणजे कडकडीत उपास. त्याआधी चरबी साठली नाही, तर तो त्यातून उठत नाही. मोसमात उशिरा जन्मलेल्या पिल्लांचे आईबाप पिसं टाकायला बसले की पिल्लंही उपाशी राहतात. अशी पिल्लं उचलून आणून वाढवतात. मुळाशी आहे ती सार्डिन आणि अँचोव्हीची टंचाई. हे मासे आपल्या तारली-मांदेलीचे भाऊबंद. समुद्र बदलल्यानं त्यांचे थवे दूर सरकले आणि उरलेल्यांवर मोठ्या जाळ्यांचाही डोळा आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आफ्रिकन पेंग्विनची ही जात आययूसीएन या जागतिक निसर्गसंस्थेच्या 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेली. प्रजनन करणाऱ्या जोड्या दहा हजारांपेक्षा कमी उरल्या आहेत. मार्च २०२५ मध्ये न्यायालयात तडजोड झाली आणि सहा मोठ्या वसाहतींभोवती या दोन माशांची व्यापारी मासेमारी दहा वर्षांसाठी बंद झाली. त्यात गान्सबायसमोरचं डायर बेटही आहे. आज सोडलेलं पिल्लू साधारण चार वर्षांचं झाल्यावर अंडी घालतं, त्यामुळं या बंदीचा फरक वसाहतींच्या मोजणीत दिसायला वेळ लागेल.