पहाटेचं पाणी आणि स्वप्नातली विरार फास्ट

आमच्या बिल्डिंगला पालिकेचं पाणी पहाटे साडेचारला येतं. घरात ती ड्युटी माझी, म्हणजे उठायचं, पिंपात पाइप सोडायचा, दोन बादल्या भरायच्या आणि सव्वापाचला परत आडवं व्हायचं. इतकी वर्षं ह्या प्रकाराला शिव्या घातल्या आणि आता कळलं की ल्युसिड ड्रीम शिकणारे लोक मुद्दाम अलार्म लावून नेमकं हेच करतात!

ल्युसिड ड्रीम म्हणजे स्वप्न चालू असतानाच आपल्याला कळतं की अरे, हे तर स्वप्न आहे. झोप मोडत नाही, स्वप्न चालूच राहतं, फक्त आपण आता शुद्धीवर असतो. हे नाव १९१३ साली फ्रेडरिक व्हान एडन नावाच्या डच डॉक्टरने रूढ केलं, पण नंतर कितीतरी वर्षं बऱ्याच शास्त्रज्ञांना ते पटत नव्हतं, त्यांचं म्हणणं की मध्येच क्षणभर जाग येत असेल, बाकी काही नाही. आता झोपलेल्या माणसाने पुरावा द्यायचा तरी कसा? स्वप्नं रंगतात ती मुख्यतः रेम झोपेत, म्हणजे पापण्यांआड डोळे भराभर हलत असतात त्या टप्प्यात, आणि त्या वेळी हातापायाचे स्नायू पार ढिले पडलेले असतात (बरंच आहे, नाहीतर वन रूम किचनमध्ये शेजारी झोपलेल्याने रोज लाथा खाल्ल्या असत्या). पण डोळे हलू शकतात, आणि इंग्लंडमध्ये हल युनिव्हर्सिटीच्या कीथ हर्नने नेमका ह्याचाच फायदा घेतला. अॅलन वर्स्ली नावाच्या माणसाशी आधीच ठरवून ठेवलं की स्वप्नात आहोत असं कळलं की डोळे ठराविक वेळा डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. एप्रिल १९७५ मध्ये झोप नोंदवणाऱ्या मशीनच्या कागदावर ती खूण उमटली, आणि मशीन सांगत होतं की माणूस चांगला रेम झोपेत आहे. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्जने स्वतंत्रपणे हेच दाखवलं. २०२१ मध्ये तर कमालच झाली, चार देशांतल्या चार लॅबनी झोपलेल्या लोकांना स्वप्नात प्रश्न विचारले. आठ वजा सहा किती? एकाने डोळे दोनदा फिरवून उत्तर दिलं. अर्थात दरवेळी जमलं असं नाही हां, बरोबर उत्तर पाचातून एकदासुद्धा पुरतं येत नव्हतं.

आता पहाटच का, तर रात्रभर आपल्या झोपेची साधारण दीड-दीड तासाची आवर्तनं चालतात आणि प्रत्येक आवर्तनात शेवटी रेम येते. सुरुवातीला ती जेमतेम काही मिनिटांची असते, पहाटेकडे लांबत जाते. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आजी सांगायची, खरं होतं की नाही ते जाऊ दे, पण लांबलचक आणि लक्षात राहणारं असतं हे नक्की. पाच तास झोपून थोडा वेळ उठलं आणि परत झोपलं की माणूस लवकरच रेममध्ये शिरतो, तेही डोकं थोडं जागं ठेवून.

पण नुसतं उठून उपयोग नाही, खरी गंमत आठवणीची आहे. आई सकाळी सांगते, येताना कोथिंबीर आण. दिवसभर आपण विसरलेलो असतो पण स्टेशनबाहेर भाजीवाली दिसली की डोक्यात ट्यूब पेटते, कोथिंबीर! लाबर्जची पद्धत म्हणजे अगदी हेच. परत झोपताना नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं, त्यात आपल्याला कळलंय असं डोळ्यांसमोर आणायचं आणि मनात घोळवत राहायचं, पुढचं स्वप्न पडेल तेव्हा मला आठवेल की हे स्वप्न आहे. ऑस्ट्रेलियात डेनहोम अॅस्पीने २०१७ मध्ये ही पद्धत तपासली तेव्हा सगळं मिळून १७ टक्के प्रयत्न यशस्वी झाले, पण घोळवून झाल्यावर ५ मिनिटांत झोप लागली तर ४६ टक्के. म्हणून पाणी भरताना मोबाइल बघायचा नाही, एकदा बघितला की पाच मिनिटांत झोप कसली.

बाकी दिवसा ‘मी आत्ता स्वप्नात आहे का’ हे तपासायची सवय लावायची असते. पाटी वाचायची, नजर हटवायची, परत वाचायची. स्वप्नात अक्षरं बऱ्याचदा बदलतात कारण कागद नाहीच, मेंदू दरवेळी नवीन पाटी रंगवतो, आणि कपाळामागचा जो भाग एरवी ‘हे कसं शक्य आहे’ असं विचारतो तो रेममध्ये मंदावलेला असल्याने आपण काहीही खपवून घेतो. मी रोज दादरला इंडिकेटर दोनदा वाचायला लागलो. नाक दाबून श्वास घेऊन बघायचा हाही एक प्रकार आहे, स्वप्नात नाक दाबलं तरी श्वास येतो म्हणे. ट्रेनमध्ये केला, बाजूच्या काकांना वाटलं काहीतरी वास येतोय, ते सरकून बसले.

एक मात्र, पाणी येतं म्हणून मला उठावंच लागतं, तुम्ही धडधाकट झोप रोज मोडू नका. आणि भास होण्याचा वगैरे त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ह्या फंदात पडू नका.

मला तीन महिने लागले. स्वप्नात मी संध्याकाळी साडेसातला दादरला उभा, विरार फास्ट आली, चढलो तर चक्क विंडो सीट मिळाली. तरीही मला काही शंका आली नाही, हे विशेष. सवयीने बाहेरचा इंडिकेटर बघितला, ‘वि’. परत बघितला, ‘ळ’. ळ, फास्ट, बारा डबे. मराठीत ळने सुरू होणारा शब्द नाही तर स्टेशन कुठून येणार? आणि कळलं! इतका आनंद झाला की हातावर हात चोळत राहायचे, म्हणजे स्वप्न टिकतं, हे वाचलेलं सगळं विसरलो, दारातून उडी मारून सरळ सी लिंकवर जायचं ठरवलं आणि दाराशी पोचेपर्यंत जाग. साडेसहा वाजले होते, आई विचारत होती की बादली भरलीस ती मोरीच्या दारातच कशाला ठेवलीस.