कर्करोगरोधी वनस्पतिज संयुगे

कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखणारी, वनस्पतींपासून थेट मिळवलेली किंवा तशा मूळ रेणूत फेरफार करून तयार केलेली संयुगे. उपचारात रुळलेले प्रमुख गट चार : सदाफुलीतील व्हिंका अल्कलॉइडे, यू वृक्षातील टॅक्सेन संयुगे, कॅम्प्टोथेसिनाची साधिते (त्याच्या रेणूत फेरफार करून बनवलेली संयुगे) आणि पोडोफायलम वनस्पतीतील पोडोफायलोटॉक्सिनापासून बनवलेली एटोपोसाइडासारखी औषधे.

हे शोध पारंपरिक वैद्यकातून आले, असे सरसकट म्हटले जाते. ते सावधपणे घ्यावे लागते. सदाफुलीच्या पानांचा काढा लोक मधुमेहावर घेत. कर्करोगाशी त्याचा संबंध नव्हता. कॅनडात रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर यांनी 1950 च्या दशकात जमैकाहून आलेल्या पानांचा अर्क तपासला. तोंडावाटे दिल्यावर उंदरांच्या रक्तशर्करेत फरक पडला नाही. शिरेतून टोचल्यावर मात्र उंदीर थोड्याच दिवसांत जंतुसंसर्गाने दगावले. त्यांच्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या आणि अस्थिमज्जा मंदावली होती. यातूनच 1958 मध्ये व्हिन्ब्लास्टिन हे व्हिंका अल्कलॉइड पुढे आले. साधारण त्याच सुमारास एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा यांच्या गटाला रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांवर सदाफुलीचा अर्क गुणकारी आढळला. शोधाचे श्रेय दोन्ही गटांना देणे अधिक योग्य वाटते. यू वृक्षाची साल तर 1962 मध्ये अमेरिकेतील सरकारी संकलन मोहिमेत, अनेक वनस्पतींपैकी एक म्हणून गोळा झाली होती. लोकवापराचा धागा त्यातल्या त्यात पोडोफायलमच्या बाबतीत दिसतो. त्याची राळ चामखिळींवर लावत असत.

व्हिंका अल्कलॉइडे पेशीतील ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून, पेशीविभाजनाला लागणाऱ्या सूक्ष्मनलिका जुळू देत नाहीत. यूच्या सालीतील टॅक्सॉल (पॅक्लिटॅक्सेल) हे टॅक्सेन याच्या उलट जुळलेल्या नलिका सुटू देत नाही. हे सुसान हॉर्विट्झ यांनी 1979 मध्ये दाखवले. परिणाम सारखाच : विभाजन अर्ध्यावर अडकते व पेशी मरते. चेतातंतूंतील वाहतूकही याच नलिकांवर चालते, त्यामुळे रुग्णाच्या हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा जाणवतो.

कॅम्प्टोथेसिनाची हकीकत अधिक गुंतागुंतीची आहे. मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनी 1966 मध्ये ते एका चिनी वृक्षातून वेगळे केले. पाण्यात विरघळावे म्हणून रेणूतील लॅक्टोन वलय (अणूंचे एक बंद कडे) उघडून त्याचा सोडियम क्षार बनवला गेला. पण परिणामासाठी नेमके तेच वलय अखंड लागते. परिणाम क्षीण झाला, मूत्राशयाला इजा होऊ लागली आणि 1970 च्या दशकात चाचण्या थांबल्या. डीएनएचा पीळ सैल करणारे टोपोआयसोमरेज-1 हे विकर (एंझाइम) त्याचे लक्ष्य आहे, हे 1985 मध्ये उमगल्यावर संशोधनाला पुन्हा गती आली. 1996 मध्ये टोपोटेकॅन व आयरिनोटेकॅन या त्याच्या साधितांना अमेरिकेत मान्यता मिळाली. पश्चिम घाटातील नरक्या या लहान वृक्षातही कॅम्प्टोथेसिन आढळते (गोविंदाचारी व विश्वनाथन, 1972). त्यासाठी झालेल्या बेसुमार तोडीने ही जाती संकटात आली आहे.

पुरवठा हाच या औषधांचा खरा अडसर. 1 किग्रॅ. टॅक्सॉलसाठी सुमारे 10,000 किग्रॅ. साल लागे आणि साल काढली की झाड मरते. युरोपीय यूच्या पानांतील पूर्वगामी संयुगापासून अर्धसंश्लेषणाने, म्हणजे त्या संयुगात प्रयोगशाळेत फेरफार करून, टॅक्सॉल बनवणे साधल्यावर हा ताण हलका झाला. टॅक्सॉलला 1992 मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

वरील सर्व संयुगे मोजून द्यावयाची विषे आहेत. सदाफुलीची पाने खाणे हा कर्करोगावरचा उपचार नव्हे. त्यात मात्रेवर कोणताही ताबा राहत नाही. जर्दाळूच्या बियांतील अमिग्डॅलिनशी संबंधित, कर्करोगावरचा उपाय म्हणून गाजलेल्या लेट्राइलची 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 178 रुग्णांवर परीक्षा झाली. लाभ आढळला नाही, उलट काही रुग्णांच्या रक्तात सायनाइडची पातळी धोकादायक झाली. हळदीतील करक्यूमिन प्रयोगशाळेत आश्वासक वाटते, पण आतड्यातून फारच थोडे शोषले जाते.