विंबल्डन जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय महिला नक्की कोण?

"विंबल्डन जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय महिला म्हणजे व्हीनस विल्यम्स" असा एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, टीव्हीवर आपण व्हीनस आणि सेरेना या दोघी बहिणींनाच बघितलंय ना. पण व्हीनस जिंकली २००० साली आणि अमेरिकेची अल्थिया गिब्सन १९५७ ला, म्हणजे तब्बल ४३ वर्षं आधी! गिब्सनने फायनलला डार्लीन हार्डला ६-३, ६-२ हरवलं, ट्रॉफी घेतली थेट राणी एलिझाबेथच्या हातून आणि पुढच्या वर्षी परत जिंकली.

मग गोंधळ कुठून आला? तर 'ओपन एरा', म्हणजे मोठ्या स्पर्धा व्यावसायिक खेळाडूंनाही खुल्या झाल्या तो काळ, सुरू झाला १९६८ ला, रेकॉर्डच्या बऱ्याच याद्या तिथूनच मोजतात, आणि गिब्सनची सगळी ग्रँड स्लॅम त्याआधीची, हौशी खेळाडूंच्या काळातली, तेव्हा जिंकून पैसेही मिळायचे नाहीत.

मला विचाराल तर विंबल्डनपेक्षा १९५० मोठं. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत तोवर एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. नियमात बंदी नव्हती बरं का, पण निवड व्हायला आधी ज्या स्पर्धा खेळाव्या लागायच्या त्या गोऱ्यांच्या क्लबांत, आणि तिथलं आमंत्रणच यायचं नाही. त्या वर्षी गिब्सन फॉरेस्ट हिल्सला, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये ही स्पर्धा व्हायची तिथे, उतरली.

चेक करायचं तर विंबल्डनच्या महिला एकेरी विजेत्यांच्या यादीत १९५७ आणि १९५८ च्या ओळी बघा, फक्त यादी १९६८ पासूनची नाही ना तेवढं आधी पाहून घ्या.