काच फुंकायची ती ज्योतीबाहेर

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली खास मापाची काचेची उपकरणे आजही बर्नरसमोर बसून हाताने घडवली जातात. काच बहुधा बोरोसिलिकेट. तिच्यात सुमारे ८० टक्के सिलिका आणि १३ टक्के बोरॉन ऑक्साइड असते. तापल्यावर ती खिडकीच्या काचेच्या जेमतेम एक-तृतीयांश प्रसरण पावते, म्हणून ज्योतीत सहसा तडकत नाही. या कामाची खरी परीक्षा म्हणजे सारख्या व्यासाच्या दोन नळ्यांचा सरळ जोड.

एका नळीला बूच लावतात, दुसरीला फुंकण्याची रबरी नळी. दोन्ही तोंडे ऑक्सिजन-गॅसच्या ज्योतीत एकाच वेगाने फिरवत लाल-पिवळी करायची, टेकवायची आणि लगेच केसभर ओढायची. हे ओढणे राहिले तर जोडावर जाड कडे बसते. तोंडे नीट कापलेली नसतील तर बारीक भोक राहते. ते काचेच्या कांडीने बुजवता येते, पण मुळात काप सरळ घेणे सोपे: कानशीने एक चरा, त्यावर पाण्याचा थेंब, आणि चऱ्यामागे अंगठे ठेवून वाकवता वाकवता ओढ.

पुढची चूक मात्र नवशिके हमखास करतात. जोड वितळून एकजीव होत असताना, ज्योतीत असतानाच ते फुंकतात. पातळ जागा सर्वांत गरम, म्हणून सर्वांत मऊ. हवा तिथेच जोर करते, भिंत आणखी पातळ होते आणि फुगा फुटतो. जोड ज्योतीबाहेर काढा, फिरवत राहा, एक-दोन सेकंद थांबा, मग हलके फुंका. तेवढ्यात पातळ भाग आधी निवून घट्ट होतो, जाड भाग मऊच राहतो आणि फुगतो तो जाड भाग. भिंत आपोआप सारखी होत जाते. हे शक्य होते, कारण काचेला ठरावीक वितळणबिंदू नाही. सुमारे १२५० अंश सेल्सिअसला ती दाट पाकासारखी वाहते, ८२० ला स्वतःच्या वजनाने जेमतेम वाकते, ५६० ला हाताला घट्टच. एका जोरकस फुंकेपेक्षा तापवणे, थांबणे, फुंकणे ही फेरी तीन-चारदा केलेली बरी.

आतल्या बाजूला सांध्याची रेघ दिसत असेल तर जोड झालेला नाही. ताण त्याच खाचेत साठतो आणि तडा तिथूनच जातो. रेघ पुसली जाईपर्यंत तापवावे, पण फार रेंगाळूही नये. बोरॉनची संयुगे उडून जातात आणि काचेवर पांढुरका थर धरतो. तापलेल्या काचेतल्या सोडियमच्या पिवळ्या झगमगाटात ही रेघ दिसतच नाही, त्यासाठी तो पिवळा प्रकाश गाळणारा डिडिमियमचा चष्मा हवा.

शेवटी ऑक्सिजन हळूहळू कमी करत पिवळ्या ज्योतीत जोड फिरवतात, काजळी धरेपर्यंत. ही तात्पुरती सोय. खरे ताणमुक्तीचे काम भट्टीचे: पातळ भिंतीच्या नळीला ५६० अंशांवर १५-२० मिनिटे, मग ४८० पर्यंत सावकाश उतार, पुढे थोडी घाई चालते. त्यानंतर एकमेकांना आडव्या धरलेल्या दोन ध्रुवक (प्रकाशाचे एकाच दिशेचे कंपन जाऊ देणाऱ्या) पट्ट्यांमधून पाहावे. जोडाभोवती उजळ कडे दिसले तर ताण उरला आहे, नळी पुन्हा भट्टीत.