उजळणी (अभ्यासपद्धती)

उजळणी : एकदा शिकलेला पाठ काही काळाने पुन्हा मनात जागवण्याची अभ्यासक्रिया. संस्कृत ‘उज्ज्वल’शी संबद्ध असलेल्या ‘उजळणे’ या क्रियापदापासून हा शब्द झाला आहे. अंक व पाढे यांच्या लहान पुस्तकालाही ‘उजळणी’ म्हणतात. क्रियेवरूनच पुस्तकाला हे नाव पडले असावे.

या पद्धतीचे मूळ दोन ठिकाणी शोधले जाते. पैठणसारख्या विद्याक्षेत्री चालत आलेल्या वेदपठणाशी, म्हणजे मंत्रांचे शब्द सुटे वा ठरावीक क्रमाने जोडून म्हणण्याच्या पद, क्रम, जटा, घन या पाठांशी, तिचा संबंध जोडणारे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार ती पंतोजींच्या गावठी शाळेतून आली. तेथे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून रोज म्हणवून घेतले जात. वेदपाठांचा मुख्य हेतू संहितेचा, म्हणजे वेदाच्या मूळ मंत्रपाठाचा, शब्द व क्रम अबाधित राखणे हा होता, तर पाढा हिशेबात मधूनच कोठूनही आठवावा लागे; त्यामुळे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. 1957 मध्ये दशमान नाणी आल्यावर हे पाढे मागे पडले. मराठवाड्यात निजामी राजवटीत माध्यमिक शिक्षणाचे माध्यम मुख्यतः उर्दू होते. परभाषेतील धडा अर्थ उमगण्याआधीच तोंडपाठ करण्याची सवय, म्हणजे घोकंपट्टी, त्यातून बळावली असावी, असा तर्क करता येतो.

घोकणे आणि आठवणे यांतील भेद प्रयोगांनी स्पष्ट केला आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाऊस याने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून केलेले प्रयोग 1885 मध्ये प्रसिद्ध केले. विस्मरण पहिल्या काही तासांत सर्वाधिक वेगाने होते आणि नंतर मंदावते, असे त्यांतून दिसले. रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मधील प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत सरस ठरले; आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिणाऱ्यांनी सुमारे 56 टक्के, तर पुन्हा वाचणाऱ्यांनी सुमारे 42 टक्के मजकूर सांगितला. म्हणून पुस्तक मिटून उत्तर लिहिणे, चूक त्याच दिवशी दुरुस्त करणे आणि तोच घटक दिवसांच्या, पुढे आठवड्यांच्या अंतराने पुन्हा घेणे हा उजळणीचा गाभा मानावा. ओळी रंगवत केलेले वाचन पाठ झाल्याचा भास तेवढा देते.

मराठवाड्यात या तत्त्वाचे सर्वांत परिचित रूप म्हणजे ‘लातूर पॅटर्न’ ही परीक्षेच्या तयारीची पद्धत. त्याचे श्रेय सामान्यतः लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाला (स्थापना 1970) दिले जाते. काही जण दयानंद महाविद्यालयाचाही उल्लेख करतात. त्याचा उदय साधारणपणे 1980 ते 1990 च्या दशकांतला मानला जातो. मूळ पद्धत अकरावी-बारावीची असली, तरी वारंवार सराव चाचण्या, तपासलेल्या उत्तरपत्रिकेवर चर्चा आणि लवकर संपवलेला अभ्यासक्रम ही तिची अंगे दहावीच्या वर्गांतही रुजली. तिच्या यशात निवडक विद्यार्थ्यांचा वाटा किती आणि पद्धतीचा किती, हे वेगळे करणे कठीण आहे. तथापि वारंवार चाचणी हा भाग वरील प्रयोगांशी जुळतो.

बीडसारख्या जिल्ह्यांत ऊसतोडणीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि बोर्डाची परीक्षा येईपर्यंत चालतो. पालकांबरोबर फडावर जाणाऱ्या मुलांची सहामाहीनंतरची उजळणी त्यामुळे खंडित होते.