सिम्युलेशन मॉडेलांची देवाणघेवाण आणि जोडणी: पार्श्वभूमी

सिम्युलेशन मॉडेलची, म्हणजे खऱ्या यंत्राची किंवा घटनेची संगणकावर नक्कल करणाऱ्या समीकरणांची, फाइल पाठवणे इंटरनेट आल्यापासून सोपे आहे. अडते ते फाइलबाहेर राहिलेल्या गोष्टींवर: एकके कोणती, सुरुवातीची मूल्ये किती, समीकरणे कोणत्या सॉल्व्हरने (ती सोडवणाऱ्या प्रोग्रामने) आणि केवढ्या टाइम स्टेपने (वेळेच्या पायरीने) सोडवली. या क्षेत्रातली प्रमाणके या न सांगितलेल्या गोष्टी एकेक करून लिहून काढत आली आहेत.

मोठ्या प्रमाणावर जोडणीची गरज आधी लष्करी प्रशिक्षणाला पडली. अमेरिकेच्या सिमनेट प्रकल्पात 1980च्या दशकात रणगाड्यांचे सिम्युलेटर नेटवर्कने जोडले गेले. त्यातून 1993 मध्ये नेटवर्कवरचे सिम्युलेटर जोडणारे डीआयएस हे प्रमाणक आले. ते घड्याळाच्या वेळेवर चालणारे होते. संगणकात एखादे मॉडेल भरभर आणि दुसरे रेंगाळत चालत असेल, तर दोघांची वेळ कशी जुळवायची याचे उत्तर एचएलए या पुढच्या प्रमाणकाने दिले. ते 2000 मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचे प्रमाणक 1516 झाले. त्यात वेळ पाळणारे प्रत्येक मॉडेल पुढे सरकण्याची परवानगी मागते. मागच्या वेळेचा संदेश आता येणार नाही याची खात्री पटली, की मधले आरटीआय सॉफ्टवेअर ती देते.

वेबवर मॉडेल चालवण्याची लाट 1995 मध्ये जावा ही प्रोग्रामिंग भाषा आल्यावर उसळली. पॉल फिशविक यांनी 1996च्या विंटर सिम्युलेशन कॉन्फरन्समध्ये वेबआधारित सिम्युलेशनवर निबंध मांडला. मॉडेले अॅपलेट, म्हणजे छोटे जावा प्रोग्राम, म्हणून वेबपानात बसू लागली. पण अॅपलेटचा जीव ब्राउझरच्या प्लगइनमध्ये (जोड-सॉफ्टवेअरमध्ये) होता. क्रोमने 2015 मध्ये तो आधार काढून घेतला, इतरही त्याच वाटेने गेले, आणि शिकवण्यासाठी बनवलेल्या मॉडेलांच्या जागी रिकाम्या चौकटी उरल्या. ज्यांचा वाचता येण्याजोगा सोर्स जपला होता, ती मॉडेले पुन्हा उभी करता आली. नेटलोगो या मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधली मॉडेले आज जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होऊन ब्राउझरात चालतात, ती त्यामुळेच.

न सांगितलेल्या गोष्टींचा प्रश्न जीवशास्त्राने सर्वांत नेटाने हाताळला असे म्हणावे लागेल. जैविक मॉडेले लिहिण्याची एसबीएमएल ही भाषा 2001 मध्ये आली. तिने अभिक्रिया, त्यांचे दर आणि पदार्थांची प्रमाणे एक्सएमएल या मजकुराच्या स्वरूपात मांडली. 2005 मध्ये बायोमॉडेल्स हा मॉडेलांचा संग्रह सुरू झाला. मॉडेलसोबत किमान कोणती माहिती हवी, हे सांगणारे मिरियम नियमही त्याच वर्षीचे. मग लक्षात आले, की मॉडेल मिळाले तरी त्यावर नेमका कोणता प्रयोग चालवला हे मिळत नाही. त्यासाठी, प्रयोगाचे वर्णन लिहायला, सेड-एमएल आले. एवढे होऊनही 2021च्या तपासणीत 455 प्रकाशित मॉडेलांपैकी 49 टक्क्यांचे निकाल निबंधातल्या माहितीवरून पुन्हा मिळाले नाहीत. राहून गेलेली प्राचले (पॅरामीटर), न दिलेली सुरुवातीची मूल्ये, समीकरणातली चिन्हांची चूक, अशी साधीच कारणे होती. हा आकडा मनाला लागतो.

अभियांत्रिकीत मॉडेलांची देवाणघेवाण आणि जोडणी करण्याचे एफएमआय हे प्रमाणक 2010 मध्ये आले. वाहनउद्योगात गिअरबॉक्स, इंजिन, ब्रेक यांची मॉडेले वेगवेगळ्या पुरवठादारांकडून आणि वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधून येत, म्हणून ते हवे होते. या प्रमाणकानुसार बांधलेले मॉडेल म्हणजे एफएमयू. ती खरे तर झिप फाइल असते: चलांची यादी देणारी एक एक्सएमएल फाइल आणि सहसा संकलित (संगणक थेट चालवेल असा) कोड. आत फक्त विंडोजचा कोड असेल, तर लिनक्सवर ती चालत नाही. मॉडेल दुसऱ्या संगणकावरच्या एखाद्या लायब्ररीवर किंवा फोल्डरच्या ठरीव पत्त्यावर अवलंबून असेल, तर फाइल उघडते आणि सुरू होताना कोसळते.

याहून अवघड दुखणे वेळेचे आहे. को-सिम्युलेशनमध्ये, म्हणजे अनेक मॉडेले जोडून एकत्र चालवताना, प्रत्येक एफएमयूचा सॉल्व्हर स्वतंत्र असतो आणि मूल्यांची देवघेव ठरावीक अंतराने होते. हे अंतर 10 मिलिसेकंद असेल, तर तेवढा वेळ सहसा शेजाऱ्याचे जुनेच मूल्य धरून गणित चालते. ताठ स्प्रिंगच्या दोन बाजू दोन एफएमयूंत गेल्या, की नसलेली ऊर्जा निर्माण होते आणि आलेख थरथरत वाढत जातो. अंतर निम्मे करून पुन्हा चालवावे. उत्तर ठळक बदलले, तर आधीच्या उत्तरावर विसंबू नये. पायरी मागे घेऊन पुन्हा चालण्याची सोय प्रमाणकात आहे, पण ती ऐच्छिक असल्याने पुष्कळ एफएमयूंत मिळत नाही.

वेबवरून थेट जोडणी कुठे जमते, हेही याच हिशेबावर ठरते. एका देवघेवीला 50 मिलिसेकंद लागतात असे धरू. मिलिसेकंदाच्या पायरीने 10 सेकंदांचा ब्रेक तपासायचा, तर 10,000 देवघेवी, म्हणजे नुसत्या वाट पाहण्यात 500 सेकंद. नदीखोऱ्याचे मॉडेल दिवसाच्या पायरीने वर्षभर चालवले, तर 365 देवघेवी आणि 18 सेकंद. युरोपात पाण्याच्या मॉडेलांसाठी बनलेले ओपनएमआय हे प्रमाणक अशा संथ जगातले आहे. त्यात एक मॉडेल दुसऱ्याकडे हव्या त्या वेळेचे मूल्य मागते. वेगवान यंत्रांची मॉडेले मात्र वेबवरून उतरवून एकाच संगणकावर शेजारी-शेजारी चालवणे बरे; वेबवरून इनपुट आणि निकाल तेवढे जावेत.